ताईची मूठ

बस डेपोच्या कॅन्टीनमध्ये मिठाला चमचा नव्हता. मीठ ताईच्या मुठीने पडायचं. त्या मुठीवर शंका घेणं म्हणजे डेपोच्या घड्याळावर शंका घेण्यासारखं होतं. घड्याळ निदान अधूनमधून मागे तरी पडायचं. मुठीबद्दल तसं बोलायची कुणाची छाती नव्हती.

ताई कॅन्टीनची मुख्य स्वयंपाकीण. अंगाने भरलेली आणि आवाजाने त्याहून भरलेली. ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, वरचे साहेब, सगळे तिला ताईच म्हणत. वयाने मोठे असलेलेही म्हणत, कारण तिच्या हातात कायम डाव असे. तिचा एक अभिमान होता: स्वयंपाक करताना ती चव घेत नसे. "चव कशाला घ्यायची? हाताला कळतं की," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. नवा कंडक्टर रुजू झाला की ओळखपत्राआधी त्याला हे वाक्य मिळायचं.

जेवण झकास असायचं, त्यात वाद नाही. फक्त खारट असायचं. जेवून उठलेला माणूस आधी नळाकडे जायचा आणि मग गाडीकडे. पण रोजच्या खाणाऱ्याला ते कळत नव्हतं. जीभ एकदा सरावली की तक्रार करत नाही, आणि बाकीच्या शरीराला विचारतो कोण.

ताईच्या हाताखाली तिची धाकटी जाऊ होती. ती चिरायची, वाढायची, पातेली घासायची आणि ताईचं ऐकून घ्यायची. घरीही तेच, इथेही तेच. ती इतकी कमी बोलायची की काही ड्रायव्हरांची समजूत होती, तिचा घसा कायमचा बसलाय.

ताईचा धाकटा भाऊ त्याच डेपोत ड्रायव्हर. त्याला सगळे भोंग्या म्हणत. गाडी बाहेर काढताना तो कॅन्टीनच्या खिडकीखाली दोनदा हॉर्न द्यायचा, म्हणजे ताईला कळायचं की स्वारी निघाली. ताई वर न बघता हातातला डाव जरा उंच करायची. आई गेल्यावर तिनेच त्याला वाढवलं होतं, भरवलं होतं, चोपलंही होतं. गाडी चालवणं हे त्याचं लहानपणापासूनचं वेड. पाट उलटा करून त्यावर बसून, ताटाचं स्टिअरिंग फिरवत तो जेवायचा आणि ताई मागची प्रवासी व्हायची.

तर या भोंग्याला वर्षाच्या तपासणीत डेपोच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गाडीवरून उतरवलं. रक्तदाब फार वर गेला होता. औषध चालू झालं, आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी ठरली. तेव्हाही उतरला नाही तर स्टिअरिंग कायमचं सुटणार होतं. तोवर त्याने चौकशीच्या खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या. दुसऱ्यांच्या गाड्या पुकारताना त्याच्या आवाजात अशी मरगळ यायची की प्रवाशांना वाटायचं, गाडी रद्दच झाली.

डॉक्टरीणबाईंनी त्याला खाण्याचं विचारलं तेव्हा त्याने छाती फुगवून बहिणीचं नाव सांगितलं. बाई हुशार. दुसऱ्या दिवशी त्या स्वतःच कॅन्टीनमध्ये जेवायला आल्या. चार घास खाल्ले, ग्लासभर पाणी प्यायल्या आणि ताईच्या जवळ जाऊन हळू आवाजात म्हणाल्या की जेवण फार छान आहे, पण एवढं मीठ भावालाच काय, इथल्या कुणालाच सोसणार नाही. जमेल तसं कमी करा.

ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. दिवसभर ती पातेली आपटत राहिली. ज्या हाताने भावाला वाढवलं तोच हात त्याला आजारी पाडतो, असं ही काल आलेली पोरगी सांगणार? तिने जावेला विचारलं, माझं जेवण खारट असतं का? जाऊ म्हणाली, "छे हो ताई." दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी भजीचं पीठ कालवताना बाहेरून माईकवर भोंग्याचा आवाज आला. त्याचीच गाडी, त्याच्याच रस्त्याची, दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावाने तो पुकारत होता. ताईचा हात पिठातच थांबला. राग गेला कुठे आणि कधी, तिचं तिलाच कळलं नाही.

तिने ठरवलं, मीठ कमी करायचं. मात्र कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की आजवर जास्त पडत होतं हे कबूल केल्यासारखं होणार, आणि ते तर तिच्या बापजन्मात जमलं नसतं. पण मूठ तर तीच. मग तिने युक्ती काढली. मूठ रुबाबात भरायची आणि पातेल्यावर नेता नेता बोटं सैल सोडून अर्धं मीठ डब्यातच परत पाडायचं. बघणाऱ्याला वाटावं, ताई नेहमीसारखीच.

पहिल्या दिवशी ती गल्ल्यापाशी श्वास रोखून उभी राहिली. ड्रायव्हर आले, बसले, ओरपले, नळाकडे गेले. कुणी अवाक्षर काढलं नाही. आठवडाभराने तिने आणखी कमी केलं. तरी कुणी काही बोलेना. ताई मनातल्या मनात हसली. एवढे मोठे जिभेचे पारखी, आणि यांना काडीचं कळत नाही. डॉक्टरीणबाई भेटल्या की आता ती तोंड भरून हसायची, त्यांना त्याचं कारण कळत नव्हतं.

तीन महिने व्हायच्या आधी मधेच एकदा तपासून घ्यायला भोंग्या गेला आणि पडलेल्या चेहऱ्याने परत आला. औषध घेऊनही रक्तदाब होता तिथेच होता.

ताईचा पारा चढला. इतके दिवस मी जिवाचं रान करतेय आणि हा बाहेर काहीबाही खात असणार. भर कॅन्टीनमध्ये, सगळ्यांसमोर, तिने त्याला फैलावर घेतलं. कोपऱ्यावरच्या गाडीवर काय खातोस, खिशात कसल्या पुड्या असतात, मित्रांबरोबर कुठे जातोस, सगळं विचारून झालं. भोंग्या खाली मान घालून ऐकत होता. तिचा दम संपल्यावर म्हणाला, "ताई, गाडी गेली तेव्हापासून बाहेरचं काही तोंडात घातलं नाही. दोन्ही वेळा तुझ्याच हातचं खातोय."

तो खोटं बोलला की त्याचे कान लाल होत. कान लाल नव्हते.

ताई आत आली. रश्श्याचं पातेलं समोर होतं. इतक्या वर्षांत जे केलं नव्हतं ते तिने केलं. वाटीत रस्सा घेतला, फुंकर मारली आणि चाखला. खारट. तिच्याच हातचा वाटावा असा, अगदी पूर्वीचा.

ती वळली तर मोरीपाशी जाऊ उभी. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"यात मीठ कुणी घातलं?" ताईने विचारलं.

जाऊ पदराशी चाळा करत राहिली. मग एकदाची बोलली, आणि बसलेल्या घशाच्या मानाने भरपूर बोलली. ताई गल्ल्यावर गेल्या की ती रोज चव घ्यायची. आजचं नाही, पहिल्या दिवसापासूनचं. कधी मीठ कमी पडलेलं असायचं, ते ती घालायची. कधी फारच पडायचं, मग उकडलेला बटाटा कुस्करून टाकायची. हल्ली तर रोजच कमी पडायला लागलं. तिला वाटलं, भावाच्या काळजीने ताईंचं लक्ष उडालंय, हात विसरायला लागलाय. लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून ती गुपचूप पुरं करत होती.

"तुम्हाला चव घ्यावी लागत नाही," ती शेवटी म्हणाली, "कारण मी घेते ना ताई."

ताई स्टुलावर बसली. आधी तिला राग आला, मग लाज वाटली, आणि मग हसू आवरेना. दोघी जावा, एकाच चुलीपाशी, एक चोरून काढतेय आणि दुसरी चोरून घालतेय, आणि मधल्या मधे भोंग्या माईकवर गाड्या पुकारतोय. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. जाऊही घाबरत घाबरत हसली. एकीला मान खाली घालायची नव्हती आणि दुसरीला तिची मान खाली जाऊ द्यायची नव्हती.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही तरी कुठे सांगितलंत?"

ताईने मिठाचा डबा उचलून जावेपुढे सरकवला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी ती हॉलच्या मधोमध उभी राहिली आणि डावाने टेबल वाजवून सांगून टाकलं. आजवर माझ्या हातचं मीठ जास्त पडत होतं. आजपासून कमी पडणार. ज्याला पुरत नसेल त्याच्यासाठी बरणी ठेवलीय. बरणी तिने ठेवली होती पार पलीकडच्या खिडकीत, हात धुवायच्या बेसिनच्याही पुढे. ज्याला हवं त्याने खुशाल उठावं.

डेपोत हलकल्लोळ माजला. हे जेवण आहे की दवाखाना, असं कुणीतरी म्हणालं. सगळ्यात जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे काका म्हणत, ते पहिल्याच घासाला तोंड वाकडं करून उठले आणि बरणीपर्यंत जाऊन आले. दुसऱ्या घासाला पुन्हा उठले. पण दिवसभर गाडी चालवून आलेल्या माणसाला बूड टेकल्यावर उठणं जिवावर येतं. हळूहळू खेपा कमी झाल्या. काकाही मग एकदाच उठू लागले, तेही सवयीचा मान राखायला.

ताईचे सुजलेले पाय बघून जाऊ तिला धरून दवाखान्यात घेऊन गेली. तिथे कळलं की ताईचा रक्तदाब भावापेक्षाही वर आहे. पाय का सुजतात आणि दुपारी डोकं का भणभणतं, त्याचा उलगडा झाला. "मला चुलीवरून उतरवणार का?" ताईने विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी घ्या, स्वतःचं जेवण स्वतः जेवा आणि मुठीवर लक्ष ठेवा. आता ताई चमच्याने चव घ्यायची, मग जाऊ घ्यायची, आणि दोघींचं एकमत झाल्याशिवाय पातेलं बाहेर जात नसे. भोंग्याही गोळ्या न चुकवता घेऊ लागला आणि घरी पायी जाऊ लागला. त्याच्या सोबतीला दोन कंडक्टर लागले, कारण चालताना तो बढाया फार छान मारायचा.

तीन महिने झाले. तपासणीचा दिवस उजाडला. निकाल ऐकायला जाऊ दवाखान्याच्या दारात जाऊन उभी राहिली होती. ताई एकटीच रश्श्यापाशी होती. इतक्यात खिडकीखाली हॉर्न वाजला. एकदा, दोनदा. मग, नियमात बसत नसूनही, तिसऱ्यांदा.

ताईने डाव उंच केला. गाडी फाटकाबाहेर पडेपर्यंत तो तसाच उंच राहिला.

दुपारी फेरी संपवून भोंग्या आला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, काकांनी पाठीत धपाटा घातला. ताईने स्वतः त्याचं ताट वाढलं. त्याने पहिला घास घेतला आणि चावायचा थांबला. मग तो जरा चाचरत म्हणाला, "ताई, आज मीठ जास्त झालंय गं."

असं आजवर त्या कॅन्टीनमध्ये कुणी म्हटलं नव्हतं.

काकांनी घास घेतला आणि ताट हळूच पुढे सरकवलं. "हो ताई, फारच झालंय." मागचा मेकॅनिकही म्हणाला. कोपऱ्यातले कंडक्टरही.

ताईने रस्सा चाखला. आनंदाच्या भरात तिचा हात जुन्या वळणावर गेला होता, आणि चव घ्यायला जाऊ जागेवर नव्हती. चव तीच होती, ज्या चवीसाठी हा अख्खा डेपो वर्षानुवर्षं बोटं चाटत आला होता. आज कुणालाच ती सोसत नव्हती. बरणीकडेही कुणी बघत नव्हतं.

तिच्या हातचं ताट अर्धवट राहिलं की तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आज ती एकेक अर्धं ताट स्वतःच्या हाताने उचलत होती आणि डोळे पुसत होती. जाऊ धावत आत गेली आणि बटाटे उकडायला टाकले.

"तू थांबू नकोस," ताई भावाला म्हणाली. "पाव घे हातात आणि गाडी काढ. लोक वाट बघतायत."