सोळा दिवसांचा नेम

मी मराठी तिसरीतून शाळा सोडली. राजापूरकडच्या आमच्या गावात मुलींना तिसरीपुढे कुणी पाठवत नसे, आणि घरी धाकट्या भावंडांना सांभाळायला कुणीतरी हवंच होतं. तेव्हा मी हे जे लिहिते आहे त्यात डॉक्टरी भाषा सापडायची नाही. पण सोलापुरात मला एक गोष्ट कळली, आणि ती कळली त्या दिवशी आनंदाने मला जेवणसुद्धा सुचलं नव्हतं.

लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे इथल्या गिरणीत घडी खात्यात, कापडाच्या घड्या घालायच्या कामाला, आणि मी पहिली तीन वर्षं गावी सासूबाईंजवळ. शिमग्याला हे पंधरा दिवस येत आणि परत जात. पुढे चाळीत खोली मिळाली तेव्हा मी सोलापूरला आले. सासूबाई मात्र वर्षं पाचच मोजत. एक दिवस थोरल्या दिरांच्या हातचं पत्र आलं. वैशाखापर्यंत काही कळलं नाही तर लांज्याची एक मुलगी पाहून ठेवली आहे, ह्याचं दुसरं लग्न उरकून घेऊ, असं त्यात होतं. ह्यांनी ते वाचलं, कोटाच्या खिशात घातलं आणि कामावर गेले. कोट झटकताना ते माझ्या हाती आलं. तिसरीचं शिक्षण तेवढं वाचायला पुरतं.

मूल व्हावं म्हणून एक नेम तर मी या पत्राच्या कितीतरी आधीच धरला होता. शेजारच्या खोलीत मोडनिंबकडच्या एक मावशी राहत. माहेरी मेंढरं, इथे मुलगा गिरणीत. मी चाळीत आले त्याच वर्षी माझं तोंड बघूनच त्यांना कळलं. त्या म्हणाल्या, चाळीमागं उंबर हाय न्हवं, त्याला रोज एकशेआठ फेऱ्या घाल. पाचव्या दिवशी न्हालीस की सुरू करायचं, नऊ दिवस. एकदाच जेवायचं, घोंगडीवर निजायचं, आणि तेवढे दिवस नवऱ्यापासून लांब राहायचं.

मी जन्माची घाबरट. नऊ दिवसांत देवाच्या कानावर नाही गेलं तर, म्हणून मी सोळा दिवस धरले. दर महिन्याला चार दिवस कोपऱ्यात बसायची, तेव्हा हे खानावळीत जेवत. पाचव्या दिवशी न्हायचं आणि सोळा दिवस नेम. नेम संपला की उरलेला आठवडा संसार. असं मी दीड वर्ष केलं. पायांना घट्टे पडले. ह्यांनी एकदा हळूच विचारलं होतं की एवढं कशाला. मी म्हटलं, तुम्हाला काय त्याचं? त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पत्र आलं त्याच वर्षी माघात मावशींचे गुडघे धरले. धर्मादाय दवाखान्यात गुरुवारी एक डॉक्टरीणबाई येत. बाटलीवरची चिठ्ठी वाचायला कुणीतरी पाहिजे म्हणून मावशींनी मला सोबत नेलं. मावशींचं औषध लिहून झालं, तशी बाईंनी मान वर केली आणि माझी खालची पापणी बोटाने ओढून पाहिली. म्हणाल्या, अंगात रक्त नाही हिच्या. खातेस काय? मी सांगितलं, एकदा. का? मग मला थांबवेना. नेम, पत्र, वैशाख, लांज्याची मुलगी, सगळं मावशींसमोरच सांगून टाकलं.

बाई हसल्या नाहीत. पाळी किती दिवसांनी येते, दुखतं का, अंगावरून पांढरं जातं का, कधी ताप येऊन ओटीपोट धरलं होतं का, असं एकेक विचारत गेल्या. असले प्रश्न कुणी मला कधी विचारले नव्हते, माझ्या आईनेसुद्धा नाही. मग पडद्याआड नेऊन तपासलं आणि हात धुता धुता म्हणाल्या, लग्नाला पाच वर्षं, त्यातली तीन तू कोकणात आणि तो इथे. मूल काय टपालाने येतं?

मग त्यांनी एक कागद घेतला आणि पेरूच्या आकाराची पिशवी काढली. दोन्ही अंगांना एकेक नळी, नळीच्या टोकाशी बदामाएवढी गाठ. त्या म्हणाल्या, या गाठीतून महिन्याला एक अंडं सुटतं. मला वाटलं माझी थट्टा चालली आहे. बाईमाणसाला अंडं? पण त्या सांगतच राहिल्या. ते मोहरीहूनही बारीक असतं. नळीतून खाली येतं. एखादा दिवस टिकतं, तेवढ्यात पुरुषाचं बीज भेटलं तर गर्भ राहतो, नाही तर संपलं. आणि ते सुटतं कधी, हे आता आता डॉक्टरांना कळू लागलं आहे: पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. सगळ्यांचं अगदी त्याच दिवशी होतं असं नाही, पण तुझी पाळी घड्याळासारखी आहे, तर बघू.

त्यांनी कागदावर अठ्ठावीस रेघा मारल्या आणि पेन्सिल माझ्या हातात दिली. तुझा नेम कुठून कुठवर, खूण कर. मी पाचव्या रेघेपासून विसाव्यापर्यंत मारत गेले. बाईंनी चौदाव्या रेघेवर टिंब दिलं. टिंब माझ्या खुणांच्या बरोबर मध्ये होतं.

मुलासाठी म्हणून मी मुलाचेच दिवस झाकून ठेवले होते. आणि त्याच क्षणी, कसं सांगू, मला इतकं हलकं वाटलं की बाईंच्या टेबलावर डोकं ठेवून रडावं की नाचावं ते कळेना. मी वांझ नव्हते. निदान तसं अजून कुणी तपासून ठरवलेलं नव्हतं. बाईंनी मात्र बजावलं, आशा ठेव, खात्री धरू नको. दोन वेळा पोटभर जेव. आणि नवऱ्याला आण, कारण दोष असला तर त्याच्यातही असू शकतो.

मला भीती होती मावशींची. त्यांनी सांगितलेला नेम मोडायचा म्हणजे काय! पण वाटेत त्या गुडघा चोळायला एका पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "म्या नऊ सांगितलं हुतं, बाय. सोळा तुजं तू केलंस. आन खरं सांगू का, मला सा पोरं झाली ती एकबी फेरी न घालता. मग मला काय ठावं?"

मी विचारलं, देव रागावेल का? "उंबर कुटं पळून चाललाय? आदी संसार कर की," त्या म्हणाल्या आणि माझ्या खांद्याला धरून उठल्या.

ह्यांना मी रविवारी सांगितलं. ते खाली बघून ऐकत होते. सगळं ऐकल्यावर एकच विचारलं, मलाही जावं लागेल? पुढे दोन गुरुवार त्यांना काही ना काही काम निघालं. तिसऱ्या गुरुवारी अर्धी रजा टाकून, लग्नातला कोट नि धुतलेली टोपी घालून ते एकटेच गेले.

परत आले ते चपला न काढताच घरात शिरले. हा माणूस दिवसाकाठी दहा वाक्यं बोलायचा. त्या दिवशी चूल विझली तरी ह्यांचं बोलणं संपेना. बाईंनी त्यांना तिथल्या पुरुष डॉक्टरांकडे धाडलं होतं. त्यांनी लहानपणी गालगुंडं झाली होती का विचारलं, बाहेरच्या बाईकडे जातोस का, गुप्तरोग झाला होता का, तेही विचारलं. लाजेने मान वर होईना म्हणे. पण मग यंत्राच्या काचेतून पाहायला दिलं.

"अगं, जिवंत असतात," ते म्हणाले. "बेडकाच्या पिल्लांसारखी. शेपटी हलवत नुसती धावत असतात. माझी! आणि डॉक्टर म्हणाले, भरपूर आहेत."

आम्ही दोघं त्या खोलीत शाळेतल्या मुलांसारखे हसत बसलो. पाच वर्षांत तसे कधी हसलो नव्हतो.

पण दिवस राहायला वेळ लागतो. फाल्गुनात पाळी आली, चैत्रातही आली. आणि चैत्र सरता सरता थोरले दीर स्वतःच हजर झाले, गावाहून मुंबईमार्गे दोन दिवसांचा प्रवास करून. लांज्याच्या मुलीची पत्रिका बरोबर. मी भाकऱ्या थापत होते. पुरुषांचं बोलणं पडद्यापलीकडे, पण खोली ती केवढी! हात चालत होते, कान पडद्याकडे होते. ह्यांनी मोठ्या भावाला जन्मात उलट उत्तर दिलं नव्हतं.

दीर म्हणाले, आईचं वय झालं, नातवाचं तोंड बघू दे तिला. हिला कुणी टाकून देत नाही, हीही राहील.

ह्यांनी पाट सरकवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दादा, तिला तपासलं आहे आणि मलाही तपासलं आहे. दोघांत दोष नाही, आमचे दिवस चुकत होते. आणि उद्या निघाला दोष, तरी मी दुसरं लग्न करणार नाही. आईला तसंच सांगा."

तव्यावरची भाकरी करपली. मी ती उलटलीसुद्धा नाही.

मला वाटलं आता भांडण होणार. दिरांनी उलट विचारलं, तुला तपासलं म्हणजे? पुरुषाला तपासतात? ह्यांनी सगळं सांगितलं, बेडकाच्या पिल्लांसकट. जेवण झाल्यावर मी ताट उचलायला पदर सावरून पुढे झाले, तेव्हा आजवर मला कधी थेट हाक न मारलेले दीर म्हणाले, "मुली, बस जरा. तो दिवसांचा कागद मला काढून देशील का?"

त्यांच्या थोरल्या लेकीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि तिच्या सासरचे तिच्या नवऱ्यासाठी दुसरी मुलगी बघत होते. हे त्यांनी आम्हाला तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. जावयाला दवाखान्यात न्यायचं कसं, हेही विचारलं, भिंतीकडे बघत.

मी अठ्ठावीस रेघा मारल्या. मोजताना दोनदा चुकले, खोडावं लागलं. टिंब दिलं, आणि खाली, तिसरीच्या अक्षरात, जमेल तसं लिहिलं: ज्याचं त्याचं वेगळं असतं, आधी डॉक्टरणीला विचारावं, नवऱ्यालाही न्यावं. दिरांनी पत्रिका काढून तिच्या जागी तो कागद पाकिटात ठेवला.

मला दिवस गेले ते पुढे आषाढात. पण त्या दुपारी त्यांना स्टेशनवर पोहोचवून आम्ही चालत घरी येत होतो, तेव्हा माझ्या पोटात काहीच नव्हतं, आणि तरी मला कसलीच भीती वाटत नव्हती.