एकशे आठ गोळ्या

दहावीची परीक्षा देऊन मी नागपूरच्या कॉन्व्हेंटच्या होस्टेलमधून हिंगणघाटला घरी आले, तेव्हा बैठकीत माशांची पेटी येऊन बसली होती. मिलमधल्या एका साहेबांची बदली झाली होती. जाताना त्यांनी ती बाबांना देऊन टाकली. बाबांचं लोखंडी सामानाचं दुकान. तिथे येणारा प्रत्येक जण काचेवर टकटक करायचा, म्हणून बाबांनी पेटी घरी आणली. दोन फूट लांब, लोखंडी अँगलची चौकट, सांध्यांना पुट्टी. आत सात मासे: दोन गोल्डफिश, दोन काळे मॉली, आणि तीन लहान पट्टेवाले, ज्यांचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पेटीबरोबर एक पातळ इंग्रजी पुस्तक होतं. घरात ते वाचणारी मी एकटीच, म्हणून मासे माझ्याकडे आले.

पुस्तक थंड देशातलं होतं. पाणी गरम कसं ठेवावं यावर त्यात दोन प्रकरणं होती. हिंगणघाटच्या मे महिन्यात त्यांचा काही उपयोग नव्हता. बाकीचं मात्र कामाचं होतं. नळाचं पाणी एकदम घालायचं नाही, रात्रभर बादलीत उघडं ठेवायचं, म्हणजे ब्लीचिंगचा वास उडतो. आठवड्यातून एकदा पाव भाग पाणी बदलायचं, सगळं कधीच नाही. पेटी घासायला साबण लावायचा नाही. दोन मिनिटांत संपेल एवढंच खाणं, तेही दिवसातून एकदा. माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं, हे वाक्य मी दोनदा वाचलं.

हे काम मला आवडलं. त्यात कोणाशी बोलावं लागत नव्हतं. गल्लीतल्या बाया भेटल्या की विचारायच्या, पेपर कसे गेले, होस्टेलात जेवायला काय देतात, आणि मी एका शब्दात उत्तर देऊन पाण्याच्या बादलीकडे जायची.

शेजारच्या काकूंची आणि आमची भिंत एकच. त्यांची मुलगी कारंज्याला दिलेली. दोन वेळा तिचे दिवस सहाव्या महिन्यात वाया गेले होते. या वेळी पाचवा संपत आला होता आणि डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं. काकू पत्रिका पाहणाऱ्या एका महाराजांकडे जाऊन आल्या. त्यांनी सांगितलं, चाळीस दिवस माशांना कणकेच्या एकशे आठ गोळ्या घाला.

काकू वाटी घेऊन आमच्या दारात उभ्या राहिल्या.

"वैनी, वणा नदीले पानी कुठं हाय आता? एक डबकं राह्यलं, त्यात म्हशी बसल्या हायेत. मासोळ्या काय म्हशीखाली हुडकू?"

आई हसली. "आमच्या घरी आहेत की. इथंच घाला. पुण्याचं काम, त्याला नाही कसं म्हणायचं?"

काकूंनी मोजून गोळ्या टाकल्या. एकेक गोळी हरभऱ्याएवढी. मासे धावले, तोंडात धरली, थुंकली, परत धरली. उरलेल्या गोळ्या खाली जाऊन बसल्या. काकू फार खूश झाल्या. जाताना मला म्हणाल्या, "काय वं कानवेंटवाली, तुह्या मासोळ्याबी इंग्लिशमदीच बोलते का? माह्याशी तं बोलल्या त्या. तूच नाई बोलत."

माझं वाक्य तयार होतं. इतकं खाणं माशांना चालत नाही, एवढंच. पण ते कसं म्हटलं म्हणजे उद्धट वाटणार नाही, हे मला ठरवता येईना. तोवर त्या फाटकापर्यंत पोचल्या होत्या.

मग मी रोज एकच करू लागले. काकू गेल्या की रबरी नळीचं एक टोक पेटीत धरायचं, दुसरं तोंडानं ओढून झटकन खालच्या बादलीत सोडायचं, आणि तळाच्या गोळ्या पाण्याबरोबर बाहेर काढायच्या. पण अर्ध्या गोळ्या तोपर्यंत विरघळलेल्या असत. चौथ्या दिवशी पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसायला लागलं. रोज पाणी निघत होतं, तेवढं भरायला शिळं पाणी पुरेना, म्हणून मी थोडं नळाचंही घातलं. पुस्तकात नको म्हटलेल्या दोन्ही गोष्टी मी करत होते आणि मला ते माहीत होतं.

सहाव्या दिवशी सकाळी एक काळा मॉली मेला. मी तो कागदात गुंडाळून मागच्या जास्वंदीखाली पुरला. आईलाही सांगितलं नाही.

त्याच दिवशी गोळ्या टाकता टाकता काकूंचा हात थांबला.

"काल सात होते न वं?"

"लपला असेल. झाडामागे."

पेटीत एक प्लॅस्टिकचं झाड होतं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. त्यांचा विश्वास लगेच बसला. त्या म्हणाल्या, "लेकीची चिठ्ठी आली. बरी हाय. मासोळ्याईचं पुण्य, दुसरं काय."

दहाव्या दिवशी सकाळपासून लाइट नव्हती. हवेचा पंप बंद. पेटीची काच हाताला कोमट लागत होती. मोठा गोल्डफिश पाण्याच्या अगदी वर येऊन थांबला होता आणि तोंड उघडत-मिटत होता. काकू आल्या आणि त्याला पाहून कळवळल्या.

"अवं वैनी, पाहा तं, कसं तोंड उघडून राह्यला! भुकेजला बिचारा. लाइट नाई तं याले सकाळपासून कोनं काई देल्लंच नसन."

आणि त्यांनी मोजायचं सोडून वाटीच वाकडी केली.

मी त्यांचं मनगट धरलं. कोणाला असं धरायची मला सवय नव्हती. दोन-चार गोळ्या फरशीवर पडल्या.

"काकू, नको. भूक नाही लागलेली त्याला. त्याला श्वास मिळत नाहीये."

"अगं, हात काय धरतेस?" आई म्हणाली.

"तो काळा लपला नव्हता, काकू. मेला होता. मी खोटं बोलले तुमच्याशी."

काकू खाली फरशीवर बसल्या. वाटी मांडीत. "कशानं मेला?"

"गोळ्या पाण्यात सडतात. पाणी खराब होतं. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

नेहमीप्रमाणे उत्तर आईनं दिलं. "लाजते हो ती."

"हे लाजली अन् मासोळी मेली," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. जे झालं ते त्यांनी सांगितलं. मग आईकडे न पाहता त्यांनी मला विचारलं, "त्याचं माह्या लेकीवर तं नाई येत?"

"नाही. पाणी खराब झालं म्हणून तो मेला. दुसरं काही कारण नाही."

"पुस्तकात लिवलं हाय?"

"पाण्याचं लिहिलंय. लेकीचं मी सांगते."

त्यांनी पदर खोचला. "बादली कुठं हाय?"

मी नळी कशी ओढायची ते दाखवलं. त्यांनी ती इतक्या जोरात ओढली की तोंडभर पाणी आलं. अंगणात पळत जाऊन त्या थुंकल्या.

"राम राम राम! चाळीस वर्षांत घरात अंडं नाई येऊ देल्लं म्या, अन् आज एकादशीले मासोळीचं पानी पेली!"

आई भिंतीला धरून हसत होती. शेवटी काकूही हसल्या, पण परत येऊन त्यांनी नळी पुन्हा हातात घेतली. आम्ही पेटीतलं तिसरा हिस्सा पाणी काढलं आणि आदल्या रात्रीच्या बादलीतलं शिळं पाणी लोट्यानं, जरा उंचावरून, बारीक धारेनं सोडलं, म्हणजे त्याबरोबर हवाही आत जाते. मग पेटीतलंच पाणी लोट्यात घेऊन परत वरून सोडायचं. मी थकले की काकू, काकू थकल्या की मी. दुपारी लाइट आली, पंप सुरू झाला. संध्याकाळी गोल्डफिश तळाशी गेला आणि खडे चाळायला लागला.

गोळ्यांचा प्रश्न काकूंनीच सोडवला. "महाराजानं एकशे आठ सांगतल्या. केवढ्या, ते नाई सांगतलं." दुसऱ्या दिवसापासून घट्ट कणकेच्या, मोहरीएवढ्या गोळ्या. त्या वळायला दुपार जायची. काकू चष्मा लावून बसायच्या आणि मी ताटात दहा-दहाच्या ओळी लावायची. निम्म्या सकाळी, निम्म्या संध्याकाळी. माशांच्या नेहमीच्या खाण्याचा डबा मी बंद करून ठेवला. गोळ्या टाकल्या की काकू भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहायच्या आणि ओरडायच्या, "झाले दोन मिनिट, काढ वं नळी!"

पंचविसाव्या दिवशी मुलीच्या सासूनं त्यांना कारंज्याला बोलावून घेतलं. निघताना मला म्हणाल्या, "राह्यलेले दिवस तू घालजो. अन् मेला कोनी, तं मेला म्हून लिहिजो. लपवजो नोको."

त्या गेल्यावर चौथ्या दिवशी एक पट्टेवाला मेला. पाणी स्वच्छ होतं, पंप चालू होता. गोळ्याही संपत होत्या. उकाड्यानं गेला असावा, पण खात्री नव्हती. मी पोस्टकार्ड काढलं. आई म्हणाली, "नको कळवूस. लेकीला सहावा संपत आलाय. नेमक्या याच दिवसांत त्यांना कशाला घोर लावतेस? आल्यावर सांगता येईल."

आईचं म्हणणं चुकीचं नव्हतं. काकू तिथे मुलीच्या उशाशी बसलेल्या असणार, आणि माझं कार्ड तिच्यासमोर वाचलं जाणार. मी मराठीत पत्रं फारशी लिहिली नव्हती. तीन कार्डं खराब केली. चौथ्यावर लिहिलं: "काकू, आज सकाळी लहान पट्टेवाल्यांपैकी एक मेला. पाणी चांगलं होतं. कारण नक्की कळलं नाही. बाकीचे पाच खात आहेत." दुपारपर्यंत ते उशीखाली ठेवलं. मग उन्हात जाऊन टपालपेटीत टाकून आले.

पाच दिवस काही आलं नाही. पोस्टमन गल्लीत शिरला की मी आतल्या खोलीत जायची. सहाव्या दिवशी आईनं कार्ड आणून दिलं. अक्षर मुलीचं होतं, बोलणं काकूंचं.

"कार्ड भेटलं. मेलेला तवाच काढला न? बाकीच्याईवर नजर ठेवजो. आता पाचच हायेत, तं एकशे आठ जास्त होते. नव्वद करजो. महाराजाले मी सांगीन."

खाली कोपऱ्यात, जागा उरली होती तेवढ्यात, मुलीनं आपलं लिहिलं होतं: "मी बरी आहे. सातवा लागला."

मी कार्ड आईला दिलं आणि कणीक मळायला घेतली. त्या दिवशी नव्वद वळल्या.