सकाळी घासलेलं तांबं

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी मुंबईच्या एका प्रयोगशाळेत लेसर जगवायच्या कामावर होतो. माझ्या हातून ते मरत मात्र भराभर होते. पुढे कधीतरी टेलिफोनवरचं बोलणं तारेऐवजी काचेच्या धाग्यातून, प्रकाशाच्या रूपात जाणार होतं, आणि तो प्रकाश देणारा लेसर होता मिठाच्या कणाएवढा. त्यातून सलग वीज सोडली की तो इतका तापायचा की मिनिटभरात कायमचा विझायचा. म्हणून तो कण एका मऊ धातूचा डाख देऊन तांब्याच्या ठोकळ्यावर चिकटवायचा, म्हणजे त्याची उष्णता खाली तांब्यात उतरून जाते. हे चिकटवायचं काम माझं होतं. ज्या स्फटिकातून हे कण कापायचे तो वाढवायचं काम माझी एक सहकारी करायची.

तिची नेमणूक एका वर्षाची होती. ती वाढवायची की नाही हे आमच्या विभागाचे साहेब मे महिन्याच्या शेवटच्या बैठकीत ठरवणार होते. नाही वाढवली तर तिला घरी परतून लग्नाला उभं राहायचं होतं, कारण घरच्यांनी तिला तेवढंच एक वर्ष दिलं होतं. हे मला चांगलं माहीत होतं. तरीही लेसर का मरतात असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी अहवालात सरळ लिहून टाकलं की स्फटिकच सदोष आहे. खोटं लिहितोय असं मला वाटलं नव्हतं. माझा माझ्या हातांवर विश्वास होता, आणि त्या वयात असा विश्वास फुकट मिळतो.

अहवाल वाचून ती एवढंच म्हणाली, "एकदा तुझी जोडणी तपासून बघशील?" मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही आणि तिसऱ्या दिवशी रजा टाकून रिसोडला घरी निघून आलो.

आमचं घर जैनांचं, त्यामुळे प्यायचं पाणी रोज उकळायचं. त्यासाठी आईचा एक मोठा पितळी गंज, म्हणजे खोल पातेलं, होता. त्याला आतून कल्हई करून द्यायला केनवडहून एक म्हातारे कल्हईवाले सायकलवर यायचे. सगळे त्यांना चाचा म्हणत. मी आलो त्या आठवड्यात आई त्यांच्यावर तापली होती, कारण पंधरा दिवसांपूर्वीच कल्हई केलेल्या गंजाच्या तळाला रुपयाएवढा पिवळा डाग उघडा पडला होता. पण चाचा समोर आले तसा तिचा राग त्यांच्यावरून गंजावर घसरला.

"चाचा, हा गंजच खराब निंगला काय? दुकानवाल्यानं फसवलं मले."

चाचांनी गंज उन्हात फिरवून पाहिला, डागावर अंगठा घासला आणि मान हलवली.

"भांड्याले कायले बोल लावता बाई? भांडं एक नंबर हाये. त्या दिवशी मी घासून ठेवलं अन् चाय प्याले गेलो. तेवढ्यात त्याच्यावर हवा बसली, मंग तिथं कथील धरलं नाई. चूक भांड्याची नाई, माही हाये."

इतक्या सहज म्हणाले की आईला पुढे भांडता येईना. त्यांनी निंबाखाली भट्टी पेटवली, गंज वाळूने पुन्हा घासला आणि मला म्हणाले, "आता मले कोनी हाक मारू नोका." घासलेला गंज थेट आगीवर गेला. नवसागराचा पांढरा धूर उठला, त्यावर कथील टेकलं, कापसाचा बोळा फिरला आणि तळ चांदीसारखा झाला. मधे त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. मी शेजारी उभा होतो आणि मला माझे तांब्याचे ठोकळे आठवले.

घरात जाऊन मी माझी वही काढली. मी रोज सकाळी दहा ठोकळे एकदमच घासून स्वच्छ करायचो, काचेच्या ताटलीत ओळीने मांडायचो आणि संध्याकाळपर्यंत एकेकावर कण चिकटवत बसायचो. या व्यवस्थितपणाचं मला कौतुक होतं. वहीत प्रत्येक लेसर किती वाजता चिकटवला आणि किती वेळ जगला ते लिहिलेलं होतं. सकाळचा पहिला आणि दुसरा बऱ्यापैकी जगत होता. जेवणानंतरचे पटापट गेले होते. आणि एका दिवसाचे सगळे दहा कण एकाच स्फटिकातून कापलेले असायचे. तिचा स्फटिक सकाळी चांगला आणि दुपारी वाईट कसा होईल? वाट पाहणाऱ्या तांब्यावर हवा बसत होती, डाख कुठेतरी सुईच्या टोकाएवढ्या जागी धरत नव्हता आणि तेवढ्याच जागी उष्णता अडकून कण जळत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बैठक दुसऱ्या दिवशी होती. पत्र वेळेत पोचणार नव्हतं आणि तार साहेबांच्या टेबलावर न उघडता पडून राहिली असती. मी पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावला आणि दोन तास बाकावर बसून राहिलो. बाजारचा दिवस होता, पोस्ट भरलेलं होतं. अखेर साहेबांचा आवाज आला, विहिरीच्या तळातून यावा तसा.

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

"चूक तिची नाही!" मी ओरडलो. "चूक माझी आहे! माझ्या हाताची!"

"पुन्हा बोला!"

तीनदा ओरडलो. तिकिटांवर शिक्के मारणाऱ्या कारकुनाचा हात हवेतच थांबला. "बरं, समजलं," असं ऐकू आलं आणि लाइन तुटली. ज्या बोलण्यासाठी आम्ही लेसर जगवत होतो ते बोलणं तेव्हा असं होतं.

मी घरी पोचण्याआधी बातमी पोचली होती. आई दारातच उभी होती.

"काहून रे, पोष्टात कायले वरडत होता? चूक माही, तिची नाई म्हने. कोन हाये थे पोरगी? काय केलं तू तिले?"

कल्हई आणि लेसर असं सगळं सांगून तिला समजवायला मला रात्रीचं जेवण संपेपर्यंत वेळ लागला, आणि माझ्या मते तिला ते शेवटपर्यंत समजलं नाही.

रजा संपवून परत गेलो तेव्हा तिची नेमणूक वर्षभराने वाढली होती. मी एकच ठोकळा घासला आणि लगेच, कुणाच्या हाकेला ओ न देता, त्यावर कण चिकटवला. लेसरचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, यंत्राच्या काट्यावर कळतो. काटा चढला आणि तिथेच राहिला. तास झाला, जेवणाची सुट्टी झाली, तरी काटा हलला नव्हता. ती माझ्या मागे उभी राहून बघत होती.

मी तिला सगळं सांगितलं. चाचांचं, वहीचं, पोस्टातलं.

"अख्ख्या रिसोडला माहीत आहे," मी म्हणालो. वाटलं होतं, ती हसेल.

ती हसली नाही. "साहेबांनी नुसती मुदत वाढवली. का वाढवली ते कुणाला सांगितलं नाही," ती म्हणाली. "इथे अजून सगळे म्हणतात की माझा स्फटिक खराब होता."

चार वाजता सगळे चहाला एका टेबलाभोवती जमायचे. त्या दिवशी चहाचा कप तसाच खाली ठेवून मी उभा राहिलो. तिथे शांतता होती, ओरडायची गरज नव्हती, आणि पोस्टात तीनदा ओरडण्यापेक्षा ते एकदा हळू बोलणं मला जास्त जड गेलं.