वरून ओतलेलं पाणी

रामवाडीतले आमचे शेजारी कविता करतात. नवी कविता झाली की कुंपणाशी येऊन मला वाचून दाखवतात आणि हिशेब तपासायला दिल्यासारखं प्रत्येक ओळीनंतर विचारतात, "बरोबर?"

परवाची कविता एका म्हातारीची होती. आदिवासी वाडीवरून शेतात राबायला येणाऱ्या बाईला ती पाणी देते, पण भांड्याला शिवाशिव नको म्हणून ओंजळीत वरून ओतते. पुढे त्या बाईची मुलगी गावच्या शाळेत शिक्षिका होते आणि म्हातारी जळफळते.

"शेवटी तिला पश्चात्ताप व्हायला नको?" मी विचारलं.

"झालाच नाय, तर लिहू कसा?"

ओटीवर भिजवलेले वाल सोलत बसलेल्या त्यांच्या आईने हे ऐकलं. "ती म्हातारी मीच ना रे?"

"व्हय, आई."

"मग रविवारी वाचनालयातल्या कार्यक्रमात वाचू नको. चार लोकांत माझी अब्रू जाईल."

ते आईचं ऐकतात की कवितेचं, याची मला उत्सुकता होती. रविवारी त्यांनी कविता वाचली, पण तिच्यात म्हातारी कुठेच नव्हती. पाणी वरून ओतणारा आणि शिक्षिकेवर जळणारा सगळीकडे 'मी' होता. एकही टाळी वाजली नाही. आदिवासी वाडीवरचे दोघे तर मधूनच उठून गेले.

परतताना मी म्हणालो, "आईसाठी तुम्ही हे खोटं स्वतःवर ओढवून घेतलंत."

ते थांबले. "खोटं कुठं हाय? आई नुसती सांगायची. तांब्या माझ्याच हातात असायचा."