तीन व्होल्टमीटरचं घड्याळ

कुकर जळला, एवढंच झालं होतं. पण मुलाने त्यावरून पंचनामाच मांडला. "बाबा, तुमचं आता एकट्याचं जमत नाही. हात थरथरतात, विसरता. हा नल्लकुंट्याचा फ्लॅट बंद करू. शहराबाहेर एक चांगला वृद्धाश्रम बघितलाय." स्वतःच्या घरी का नाही नेत, ते मी विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही.

"हात थरथरतात काय? थांब, दाखवतो," म्हटलं.

कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये जन्म गेला माझा. लॅबने भंगारात काढलेले तीन जुने व्होल्टमीटर माळ्यावर पडून होते. त्यांचं घड्याळ करायचं ठरवलं. एकाचा काटा तास दाखवणार, दुसऱ्याचा मिनिटं, तिसऱ्याचा सेकंद. काटे चालवायला कोठीच्या बाजारातल्या एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून एक छोटं सर्किट आणलं. दुकानदार म्हणाला, "साब, इस उमर में काय को परेशानी?" म्हटलं, तू आपलं सर्किट दे.

जुन्या तबकड्यांवर कागद चिकटवून नवे आकडे शाईने काढले. आतल्या केसाएवढ्या स्प्रिंगला हात लावायचा तर मनगट टेबलावर दाबून धरावं लागे. सोल्डरिंग करताना बोटं भाजली. शिव्या घालायला घरात दुसरं कोण होतं? स्वतःलाच घातल्या. पण चाललं की हो! सेकंदाचा काटा चढत चढत साठावर पोचायचा, धाडकन शून्यावर आपटायचा, की पुन्हा चढायला लागायचा. वेड्यासारखा बघत बसलो. आता बोल म्हणावं लेका.

मुलगा आला आणि बघतच राहिला. "बाबा, कमाल केलीत! कुणाची मदत नाही? डोकं अगदी शाबूत आहे तुमचं." त्याने व्हिडिओ काढला, माझ्या हातांसकट. मला वाटलं, जिंकलो. त्याच्यासाठी चहा टाकला आणि त्याच्यादेखत गॅस बंद केला.

रविवारी म्हणाला, "चला, फिरून येऊ. घड्याळ घ्या, एकांना दाखवायचंय." गाडी थांबली ती आश्रमाच्या दारात. तिथे म्हणे आपलं आपण करणारी, धडधाकट माणसंच घेतात. व्हिडिओ आधीच पोचला होता. एकट्याचं जमत नाही म्हणून घालवत होता, आणि जमतंय हे मी दाखवून दिल्यावर दार उघडलं. वा रे न्याय!

मॅनेजरने घड्याळ उलटंसुलटं करून पाहिलं. "साब, ये सच्ची में आप खुद बनाए?"

मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. 'नाही, कोठीतल्या दुकानदाराने करून दिलं,' एवढं म्हटलं असतं तरी संध्याकाळी घरी असतो. कळत होतं मला. पण ही जीभ!

"नै तो क्या तुमारा बाप बनाया?"

मॅनेजर खो खो हसला. "ऐसेच लोगां होना हमको," म्हणाला, आणि माझी खोली दाखवायला उठला.

घड्याळ आता इथल्या जेवणघरात टांगलंय. सेकंदानेही चुकत नाही लेकाचं.