कालव्यावरची पाणी पार्टी

फौजेतून हवालदार म्हणून घरी आलो आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात पुन्हा ड्युटीवर उभा राहिलो. ही पोस्टिंग सरहद्दीवरची नव्हती, कालव्यावरची होती. मनमाडला पिण्याचं पाणी सोडलं की वाटेतली गावं ते मधेच ओढून घेतात. म्हणून पाण्याचं हे आवर्तन संपेपर्यंत काठावरची वीज बंद ठेवतात आणि गस्त घालतात. त्या गस्तीला आम्हा माजी सैनिकांना कंत्राटावर घेतलं होतं. हातात पहार, खिशात मोबाईल, डोक्यावर पलटणीतली जुनी हॅट.

वीज बंद केली म्हणून माणसाचं डोकं बंद होत नाही. लोक प्लास्टिकचा पाईप पाण्यानं भरून घेतात, एक टोक कालव्यात बुडवतात आणि दुसरं भरावापलीकडच्या शेतात सोडतात. मोटार लागत नाही, पाणी आपसूक उतरतं. आमच्याकडे त्याला डोंगळा म्हणतात. आमचं काम डोंगळे शोधायचं, उपटायचं आणि फोडायचं. मी त्यात पटाईत होतो. मला कोणाची कीव येत नसे, कारण मी स्वतः मनमाडचा. आमच्या नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की बायको हंडे, पातेली, कुकर, चहाचे कपसुद्धा भरून ठेवते. तो सगळा राग मी काठावरच्या लोकांवर काढायचो. त्यात एका गस्तीत आमच्या जीपवर दगड आले होते. मग तर मी कोणाचं ऐकूनच घेईना.

नियम मोडला की माणूस मरतो, हे फौजेनं शिकवलं, असं मी बरोबरच्या गार्डांना ऐटीत सांगायचो. ते खोटं होतं. माझ्यासमोर जो मेला तो नियम पाळून मेला. लान्स नाईक मिलिंद, नांदगावकडचा, माझा बडी.

फौजेत दोघादोघांची जोडी लावतात. ड्युटी, जेवण, झोप, सगळं एकमेकांच्या नजरेखाली. त्या जोडीदाराला बडी म्हणतात. मी सीनियर, म्हणून मिलिंद मला उस्ताद म्हणायचा. आमची पोस्ट उंचावर, बर्फात. खाली नाला. रोज सकाळी पाणी पार्टी जेरीकॅन घेऊन नाल्यावर उतरायची. नियम एकच, नऊच्या आत परत. रात्री सगळं गोठतं, ऊन चढलं की बर्फ सुटतं आणि नाला फुगतो. आमच्या आधीच्या पलटणींनी घालून दिलेला हा नियम कधी चुकला नव्हता.

त्या वर्षी हिवाळ्यात बर्फ कमी पडलं आणि मे महिन्यात रात्री गोठेनाशाच झाल्या. बंकरबाहेर ठेवलेल्या बादलीत सकाळी सायीएवढंही बर्फ धरत नव्हतं. मिलिंद मला म्हणाला, "उस्ताद, पानी रातभर वाजतंय. झोपतच नाय हा नाला."

"नऊच्या आत जायचं, नऊच्या आत यायचं. बस्स."

त्या सकाळी मी वर पोस्टवर होतो. पावणेआठला वायरलेस सेटवर त्याचा आवाज आला. "पाणी पार्टी नाल्यावर. पाणी गढूळ आहे. ओव्हर."

"कॅन भरा आणि वर या. ओव्हर."

"रॉजर."

थोड्या वेळानं वरच्या अंगाला दरड कोसळल्यासारखा आवाज झाला. वितळलेलं पाणी बर्फामागे कुठंतरी साठलं होतं, ते एकदम सुटलं. पार्टीतले दोघं धावत वर आले. मिलिंद दुपारी सापडला, बराच खाली. एक भरलेला जेरीकॅन मात्र उंचावर खडकाला टेकवून ठेवलेला होता. त्या दिवशी सगळे त्यातलंच पाणी प्यायले. मीसुद्धा. पुढे चौकशी झाली. वेळ नियमात बसत होती, त्यामुळे मला कोणी वेडंवाकडं विचारलं नाही.

त्याला गावी मीच पोहोचवलं. त्याच्या आईला, कौतिकाबाईंना, सांगून आलो, "आई, मी येत जाईन." पुन्हा गेलो नाही. आधी रजा नव्हती, मग रजा होती तेव्हा घरची कामं होती, आणि नंतर कोणत्या तोंडानं जायचं म्हणून राहिलं.

आता कालव्यावरच्या त्या दिवसाचं सांगतो. दुपार होती, बाटली संपली होती, घसा कोरडा पडला होता. भरावाखाली झेंडूचा एक लहान तुकडा दिसला, कडेला पत्र्याची खोली. दारात एक म्हाताऱ्या बाई बसलेल्या. मी पाणी मागितलं. त्यांनी माठातून तांब्या भरून दिला. मी उभ्या उभ्या रिकामा केला. त्यांनी न विचारता दुसरा भरून दिला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी तांब्या परत केला, वळलो, आणि वाळक्या गवताखाली पाईप दिसला.

"हा डोंगळा कुणाचा?"

"माझाच हाय."

"हे पाणी कुणाच्या वाट्याचं, ठाऊक आहे का?"

"मनमाडच्या. कळ्या धरल्यात बाबा, लग्नसराईपुरतं दोन सऱ्या भिजू द्या..."

मी पुढचं ऐकलं नाही. पाईप ओढून काढला आणि पहारीनं त्याचे तुकडे केले. सरीतलं पाणी जागच्या जागी मुरलं. अशा वेळी लोक शिव्या घालतात, आमचं सगळं घराणं उद्धारतात. या बाई तुकडे गोळा करायला वाकल्या आणि खाली बघतच म्हणाल्या, "उस्ताद ना तुमी?"

मी डोळे वर करून त्यांच्याकडे पाहिलं. ड्युटीवर मी लोकांचे हात बघतो, चेहरे बघत नाही. कौतिकाबाई निम्म्या झाल्या होत्या.

"आई, तुम्ही ओळखलंत मला?"

"पानी पिताना वळखलं. मिलिंदशेजारी फोटोत हायेत ना तुमी."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? तुमी पाईप ऱ्हाऊ दिला असता. मंग तुमच्या नोकरीचं?"

इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती. ज्या तांब्यानं मी पाणी प्यायलो तो अजून त्यांच्या पायाशी ओला होता. मी तिथंच बांधावर बसलो. त्यांनी सांगितलं, गावची विहीर दोन उन्हाळे कोरडी गेली. "पाऊस येतो, पन समदा एका दिसात येतो अन् वाहून जातो. हिरीत काय उतरंल?" अर्धं गाव उठून गेलं. धाकटा मुलगा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कामावर लागला. मिलिंदच्या पेन्शनीत मायलेकांचं भागत होतं, पण त्यांना बसून खायचं नव्हतं. म्हणून कालव्याच्या आशेनं इथं वाट्यानं तुकडा केला, ज्वारी सोडून झेंडू लावला. काठावरचे लोक त्यांना उपरे म्हणत. मीही त्यांना पाणीचोर समजून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात मोबाईल वाजला. आमचे साहेब. "हवालदार, तुमच्या पट्ट्यात काय?"

"एक डोंगळा काढला, सर."

"शाबास."

कौतिकाबाईंनी ते ऐकलं. मी फोन खिशात घातला आणि निघालो.

त्या आवर्तनाचं पाणी मनमाडला पोहोचलं. आमच्या नळाला आलं, बायकोनं कपसुद्धा भरले. मी दोन जेरीकॅन मोटारसायकलला बांधले. ती म्हणाली, "अहो, हे कुठं नेताय?" मी तिला सगळं सांगितलं. ती दोरी आवळायला लागली.

मी पोहोचलो तेव्हा झेंडूच्या कळ्या माना टाकून वाळल्या होत्या. मी कॅन दारात ठेवले.

"हे कुणाच्या वाट्याचं?" कौतिकाबाईंनी विचारलं. टोमणा नव्हता, खरंच विचारत होत्या.

"माझ्या घरचं."

"मंग घरी कमी पडंल की." त्यांनी एक तांब्या भरून घेतला. "बाकीचं न्या माघारी. झाडांना आता उपेग नाय."

तांब्या घेऊन त्या आत गेल्या. मी मागोमाग गेलो. बुद्धमूर्तीशेजारी मिलिंदचा फोटो होता, त्यांनी तांब्या त्याच्यापुढे ठेवला. तो फोटो मी कधी पाहिला नव्हता. त्या सकाळच्या आधीच्या कुठल्यातरी दिवसाचा, पार्टीतल्या कोणीतरी काढलेला. आम्ही दोघं नाल्यावर उभे, मधे जेरीकॅन. मिलिंद मान वळवून पाण्याकडे बघतोय. मी घड्याळाकडे.