मिठावरची करवंदं

नेरूळला आमच्या तळमजल्याच्या घरामागे आईने लावलेल्या करवंदीला इतके काटे होते की सोसायटीतली मांजरं शेजारच्या सेक्टरला वळसा घालून घरी जायची. थोडं वाढवून सांगतोय, पण काटे खरे होते. नव्वदनंतर आम्ही नवे नवे इथे राहायला आलो, तेव्हा आईने ते रोप कोकणातून, माहेराहून, एसटीत मांडीवर घेऊन आणलं. पुढच्याच वर्षी मामांनी जागा विकली. घेणाऱ्याने तिथल्या करवंदीच्या सगळ्या जाळ्या तोडून चिऱ्याची भिंत घातली. तेव्हापासून आईचं माहेर म्हणजे ही एक करवंदी.

चौथ्या वर्षी तिला फुलं आली, फळ धरलं, आणि नेमकं आईचं पोटाचं ऑपरेशन ठरलं. जाताना तिने मला बजावलं, रोज एक बादली पाणी घाल, बाकी काही करू नकोस. परत येऊन ती हिरव्या करवंदांचं लोणचं घालणार होती, तिच्या आईसारखं.

आता, मी आणि काही न करणार? आजोबा दरवर्षी माडाच्या बुंध्याशी मीठ घालायचे आणि माड नारळांनी वाकायचे, हे मी लहानपणी पाहिलेलं. घातलं मीठ. लोकांना मी दोन मुठी सांगतो. पाच किलोची अख्खी पिशवी होती.

आठवड्यात पानं कडेने करपली. सारसोळ्याहून येणारी मासेवाली टोपली उतरवून बघत राहिली.

"आरं बाला, खाली समदी खाडीच हाय, वर नुसता भराव. मिठावर मीठ टाकलंस तू."

मग मीठ धुऊन जावं म्हणून मी पाण्याची अख्खी टाकी त्या बुंध्याशी रिकामी केली. काही उपयोग झाला नाही.

आई घरी आली ती भिंत धरत थेट मागे गेली. माझी गोष्ट तयार होती. न्हावा शेव्याच्या कंटेनरमधून परदेशी कीड आली, एकेक उंदराएवढी, रात्रीत बागा फस्त करते. तिने सगळं ऐकून घेतलं. मग वाकायची बंदी असताना वाकली, चिमूटभर माती उचलली आणि जिभेवर ठेवली.

"माड वाटला होय तुला?"

खाली गळलेली करवंदं वाटाण्याएवढी, सुरकुतलेली. तिने त्यातलं एक चावलं आणि थुंकलं.

"संपलं माहेर," ती म्हणाली. मी हात पुढे केला होता. तो न धरता, भिंतीच्या आधारानेच ती आत गेली.